निळ्याचा पंख

सँ-रेमी,
१४ जून १९८६

प्रिय गोडेलीव्हताई,

सुखरूप पोहोचले. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेलं मलम लाव, शेजारणीचं नको. ते घोड्यांचं आहे.

इथल्या फ्रेंच बोलणाऱ्या वालोनांच्या हातचं पाणीही पिऊ नकोस, ते वर्षातून एकदा भांडी घासतात, असं तू बजावलं होतंस. म्हणून घरून माझा पेला आणलाय. पाकीट कमरेला आत बांधलंय, त्यामुळे नीट बसता येत नाही.

निळ्या जिवंत आहे! फ्रान्सच्या कबुतर-शर्यतीतून परतताना वादळात सापडला आणि इथल्या गास्तों लाम्बोत नावाच्या गृहस्थांच्या ढाबळीत येऊन आदळला. त्यांनी पायातल्या कड्यावरचा नंबर वाचून आपल्या क्लबला कळवलं. हरवलेल्या कबुतराचं सूप करतात, त्याला आणायला कुणी आगगाडीने जात नाही, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण विल्फ्रीडच्या हातचं हे शेवटचं पाखरू. नवऱ्याची आठवण सुपात कशी घालू?

गास्तों दगडाच्या खाणीतून निवृत्त झालेले, विधुर. मिशा झाडूसारख्या. त्यांनी फ्रेंचमध्ये स्वागत केलं, मी आपल्या फ्लेमिशमध्ये उत्तर दिलं. त्यांना एक अक्षर कळलं नाही. एवढी वर्षं आपल्या बेल्जियममध्ये राहून! आता ब्रसेल्सच्या दुकानात काम केल्यामुळे मला फ्रेंच येतं, पण ते मी का सांगू? आधी बोलेल तो हरला. त्यामुळे सगळा कारभार हातवाऱ्यांनी चालतो. निळ्याचा पंख दुखावलाय हे सांगायला त्यांनी दोन्ही हात फडफडवले. थोडे दिवस लागतील का, हे विचारायला मीही फडफडवले. खिडकीतून बघणाऱ्याला दोन कोंबड्या भांडताहेत असंच वाटलं असेल.

कॅफेच्या माडीवर खोली घेतली आहे. पुढच्या रविवारी येतेच.

तुझी,
मार्लीन

सँ-रेमी,
२४ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. रागावू नकोस. पंख अजून म्हणावा तसा नाही.

खरं सांगते, मी आल्या आल्या त्यांच्या कपाटावरून बोट फिरवून पाहिलं होतं. धूळ नाही. गास्तोंनी ते पाहिलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी कपाटावर एक इस्त्री केलेला हातरुमाल ठेवला होता, माझ्या बोटासाठी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि आता ऐक. परवा ते ढाबळीचं दार ठोकत होते, हातोडी अंगठ्यावर बसली. आणि हा मिशाळ वालोन ओरडला, "आयला त्या हातोडीच्या!" आपल्या भाषेत, ताई! अगदी आपल्या बाबांसारखं, त्याच ठसक्यात. मी हसत सुटले आणि भान विसरून फ्रेंचमध्ये म्हणाले, "अहो, अंगठा पाण्यात बुडवा आधी!"

दोघांचीही चोरी एकदमच पकडली गेली.

"म्हणजे तुम्हाला येतं?" ते म्हणाले.

"तुम्हालाही येतं!"

"मग इतके दिवस मला कोंबडा का बनवलंत?"

"सुरुवात कुणी केली?"

त्यांची आई आपल्याकडचीच, बीट काढायला मजूर म्हणून इकडे आली आणि इथलीच झाली. शाळेत पोरं तिच्या बोलण्याची नक्कल करून त्यांना चिडवायची, म्हणून त्यांनी ती भाषा लपवली. आई गेल्यावर बोलायला कुणी उरलंच नाही. हे सांगताना ते अंगठ्याकडेच बघत होते. मलाही भरून आलं, तुला सांगायला लाज कसली.

शेजाऱ्यांनी त्यांना काय बजावलं होतं माहीत आहे? "फ्लेमिश बाई येतेय, चमचे मोजून ठेव. ती लोकं चिक्कू, चर्चमध्ये नाणं टाकतानाही सुटे परत मागतात." आणि मी इकडे कमरेला पाकीट आवळून बसलेली! सोडलं एकदाचं. आता पोटभर जेवता येतं.

बटाट्याचे काप ते दोनदा तळतात, गाईच्या चरबीत, आपल्या आईसारखेच. फक्त जरा जाड कापतात. त्यावरून आमचं रोज वाजतं.

काल ते म्हणाले, "तुमच्याकडे नराला मादीपासून वेगळं ठेवून शर्यतीला पाठवतात ना? तिच्या ओढीने तो जीव तोडून घरी येतो. याची मादी आहे ना घरी?"

मी म्हटलं, "थंडीत मेली. दुसरी आणली नाही."

"मग बिचाऱ्याने घाई कशासाठी करायची?"

मी बटाटे सोलायला घेतले. गरजेपेक्षा बरेच जास्त सोलले.

पंख बरा झाला की निघते.

तुझी,
मार्लीन

सँ-रेमी,
६ जुलै

माझी लाडकी ताई,

एका पाखराचा पंख इतके दिवस दुखतो का, असं तू विचारलंस. नाही दुखत. कधीच बरा झालाय.

गेल्या रविवारी आम्ही निळ्याला सोडलं. मी मनात ठरवलं होतं, तो घराकडे गेला तर मीही संध्याकाळच्या गाडीने जाईन. त्याने चर्चच्या कळसाभोवती एक चक्कर मारली, आपल्या गावाकडे तोंडही केलं. मग तो वळला आणि सरळ गास्तोंच्या ढाबळीवर, एका तांबूस मादीशेजारी येऊन बसला.

मी म्हटलं, "वारा उलटा आहे."

गास्तोंनी बोट ओलं करून वर धरलं. "कसला वारा?" मग मिशी ओढत आपल्या भाषेत म्हणाले, "मार्लीन, तूही राहा."

मी हो म्हटलं आहे. सप्टेंबरमध्ये लग्न. या वयात! हसून घे.

आता मला ज्याची भीती वाटते ते लिहिते. लुतगार्डने वालोनाशी लग्न केलं, तेव्हा तू नाताळच्या टेबलावरून तिची ताटली उचललीस आणि परत कधी मांडली नाहीस. ती आपली चुलतबहीण होती. मी तुझी सख्खी आहे. गास्तोंना सोडायला सांगशील तर सोडणार नाही, पण तुझ्याशिवाय मला इथे एक घास गोड लागणार नाही. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू?

एकदा ये. आगगाडीचा प्रवास थोडकाच आहे, आपण मात्र जन्मभर केला नाही. खायला अंडी उकडून घे, तुझा पेला आण, कपाटावरून बोट फिरव. गास्तों तुझ्या धाकाने आतापासूनच कपाटं पुसताहेत. काप जाड हवेत की बारीक, ते तूच येऊन सांग. तुझा शब्द शेवटचा, असं आमचं ठरलंय.

नाताळला माझी ताटली उचलू नकोस, ताई. इथे तुझी आजच मांडली आहे.

कुठेही राहिले तरी तुझीच धाकटी,
मार्लीन