बारीक टाच

७ एप्रिल
गॅरेजात बोट चेपलं म्हणून म्हापशाच्या दवाखान्यात गेलो. व्हरांड्यात रक्तातल्या चरबीवर संशोधन करणारे लोक टेबल टाकून बसलेले. त्यांतल्या डॉ. बाईंची नजर माझ्या पेरांवरच्या गाठींवर गेली. चप्पल काढायला लावली. टाचेमागची धोंडशीर चिमटीत धरून विचारलं, "इतकी जाड घरात अजून कोणाची?"
मी ऐटीत म्हटलं, बाबांची, आजोबांची. धाकटी बहीण दीपा, तिची. कोरगावात आमचं घराणं टाचेवरून ओळखतात.
"बाबा आहेत?"
काजूच्या बागेत बसले ते उठलेच नाहीत. बेचाळिसाव्या वर्षी. लोक म्हणाले, ऊन बाधलं.
बाई हसत होत्या, त्या थांबल्या. उद्या उपाशी पोटी या, म्हणाल्या.

१५ एप्रिल
रिपोर्ट. आकडा इथे लिहीत नाही.
म्हटलं, मी तर हाडकुळा. बाई म्हणाल्या, अंगाच्या जाडीशी संबंध नाही, हे जन्मापासूनचं. टाचेत साठते ती चरबीच, तशीच काळजाच्या रक्तवाहिन्यांतही. गोळ्या कायम. वेळेवर कळलं हे बरं. "बहिणीला आणा. असेलच असं नाही, पण..."
घरी आलो तेव्हा दीपा चवड्यांवर उभी राहून दोरीवर कपडे वाळत घालत होती. बघितलं. आजवर कितीदा बघितली असेल ती टाच.

१६ एप्रिल
आईला सांगितलं. भडकली. "तुज्या बापायची टाच ती. तिका रोग म्हणटा?"
मग हळूच, "सर्वणकारांक कळल्यार? लग्न जांव दी. मागीर बघ."
सर्वणचे, दीपाच्या होणाऱ्या सासरचे लोक २८ला लग्नाची तारीख धरायला येणार. लग्नानंतर तिला तिथून तपासणीला कोण नेणार? छाती धडधडते. भीतीनेच असेल. की...

१८ एप्रिल
आपाकाकांकडे गेलो. बाबांचे थोरले भाऊ, साठी उलटलेली. त्यांची टाच बारीक. लहानपणी बाबा-आजोबांबरोबर आम्हीही चिडवायचो, तुम्ही आमच्यातले नव्हे, तुम्हाला जत्रेतून आणलंय.
नुसता पायांकडे बघत बसलो. त्यांनीच ओळखलं. आईने सांगितलं असणार.
"हांसपी सगळे गेले रे," म्हणाले. "जत्रेंतलो उरलों."
आणि स्वतःच हसले. मला हसू येईना.

२१ एप्रिल
दीपाने माझी नजर पकडली: "दादा, सारखो म्हज्या पांयांक कित्याक पळयता?"
सांगून टाकलं. सगळं, बाबांचंसुद्धा. तिने परकर खाली ओढून टाच झाकली. मग म्हणाली, सर्वणच्यांना मीच सांगेन. आधी मला कळू दे.
आईला काय सांगू?

२४ एप्रिल, शुक्रवार
आई बाजाराला गेली की दीपाला तपासायला घेऊन निघायचं ठरवलेलं. पण ती गेलीच नाही. दीपाने चहा घेतला नाही, त्याबद्दलही काही विचारलं नाही. निघताना माझ्याकडे न बघता तिच्या हातात डबा दिला. उंडे पाव आणि भाजी.
"रगत दिल्यार खा."
बसमध्ये दीपा डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती. गर्दी. म्हापसा जवळ आलं तेव्हा म्हणाली, "दादा, म्हजी टाच काकांसारकी आसती जाल्यार माका चिडयतलो आसलो?"
म्हटलं, रोज.
रिपोर्ट मंगळवारी. सर्वणकारही मंगळवारीच.