निकाल लागेपर्यंत बोलायचं नाही

७ ऑक्टोबर, सोमवार

पेटी उघडली. तीनच निविदा. दोन लुसाकाच्या बड्या कंपन्यांच्या – आणि तिसऱ्या पाकिटावर बा सिकाझ्वेंची सही! 

वाटलं होतं, या वयात ते या भानगडीत पडणार नाहीत. लष्करी तळावरच्या तांब्याच्या तारा त्यांनीच ओढल्या, जन्मभर त्यांनीच सांधल्या. आता त्या जाऊन इंटरनेटवरचे फोन येणार, तर म्हातारा म्हणतो तेही मीच बसवणार. कबासोच्या हाती धंदा नीट लावून द्यायचा असेल. एकुलता एक मुलगा.

कॅप्टन जेरे आमच्या निविदा समितीचे प्रमुख. त्यांना लगेच सांगून टाकलं – यांनी मला काम शिकवलं, शिकत होते तोवर यांच्याच घरी राहिले, मला समितीतून काढा.

"या कबवे शहरात टेलिफोनचं काम करणारं कोण त्यांच्या हाताखालून गेलेलं नाही?" म्हणाले. "रक्ताचं नातं नाही ना? मग राहा. पण निकाल लागेपर्यंत बोलायचं नाही. भेट नाही, फोन नाही, निरोप नाही. तुम्हा बेंबांना जमतं का तोंड मिटून बसणं?"

"उंदीर खाणाऱ्या न्गोनींपेक्षा बरं जमतं, सर."

हसले. ते न्गोनी, मी बेंबा; या दोन जमातींत अशी थट्टा चालतेच. मी सही करून दिली.

९ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर वीज नाही. खिडकीशी बसून निविदा वाचल्या. घामाने कागद हाताला चिकटत होते.

जुना फोन तारेतूनच वीज घ्यायचा. गाव अंधारात असलं तरी वाजायचा. हे नवे फोन वीज गेली की मुके. म्हणजे सगळा खेळ बॅटरीचा. लुसाकावाल्यांनी त्यावर एक ओळ खरडली आहे – यांच्या ऑफिसात वीज कधी जातच नसावी. बा सिकाझ्वेंनी मात्र फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या खोलीपासून दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत कुठे कोणती बॅटरी, ती कोण बदलणार, सगळं लिहिलंय. वाचताना त्यांचा आवाज कानात येत होता.

गुण द्यायला हात शिवशिवतात. उगाच जास्त देणार नाही. भीतीने कमीही देणार नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

चर्चबाहेर समोरासमोर आलो. किती वाळलेत! मला पाहून त्यांचा हात अर्धा वर गेला, मग खाली आला. बायकोकडे वळून मोठ्याने म्हणाले, "चल गं, इथे काही लोक सरकारी कामात आहेत." बाना कबासो, म्हणजे कबासोची आई, तोंडावर पदर – चिटेंगेचं टोक – धरून हसल्या. मी आंब्यांच्या ढिगाकडे बघत राहिले.

घरी येऊन एकटीच हसले. मग रडू आलं. नियम त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो, त्यांचाच तर आहे. पहिल्यांदा खांबावर चढवलं तेव्हा म्हणाले होते, "तारेला कान लावलास की सगळं गाव ऐकू येतं. ऐकलेलं वरच ठेवायचं, मुली, आणि रिकाम्या कानाने खाली उतरायचं."

निकाल लागला की आधी त्यांच्याकडे जेवायला जाणार. हरोत नाहीतर जिंकोत.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कॅप्टन प्रशिक्षणासाठी लुसाकाला गेले. ते येईपर्यंत समिती बंद.

दुपारी खरेदी विभागाच्या पायरीवर कबासो दिसला. "बा म्वापे, थांबा जरा!" बापाच्या नावाला लागतो तोच मानाचा 'बा' तो मलाही लावतो. मी ऐकलंच नाही असं दाखवून गॅरेजच्या मागच्या वाटेने निघाले. माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला पोरगा. पण बघणारे खूप असतात.

१७ ऑक्टोबर

संध्याकाळी फोन वाजला. बा सिकाझ्वे. वाजू दिला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा त्यांचाच. दोनदा. दुसऱ्यांदा तर थांबता थांबेना.

रागच आला. मला पेचात टाकायचं कशाला? गेल्या वर्षी एक बिचारा बोलीदाराबरोबर एक बिअर प्यायला तर त्याची नोकरी गेली, हे काय यांना माहीत नाही? निविदेबद्दल एक शब्द काढला असता तर ते माझ्या मनातून उतरले असते. ते मला नको होतं. फोन उशीखाली सारला.

२० ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये दिवंगतांची नावं वाचली. त्यात ते होते.

मूत्रपिंडं गेली होती. बुधवारपासून दवाखान्यात. मला कुणी बोललं नाही, मी कुणाला विचारलं नाही – बोलीदाराबद्दल चौकशीही करायची नसते ना.

म्हणजे ते फोन तिथून येत होते. खाटेवरून.

२१ ऑक्टोबर

मयताच्या घरी जायला निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले. पुरुष बाहेर शेकोटीभोवती बसलेले, आतून बायकांचा हंबरडा ऐकू येत होता. आत माझी जागा बाना कबासोंच्या शेजारी जमिनीवर. मुलीची जागा.

पाय उचलला नाही. ते गेले तरी निविदा उभी आहे, धंदा आता कबासोचा. समितीतली बाई त्याच्या घरी मयताला दिसली तर उद्या लुसाकावाले तक्रार करतील आणि पोराचं हातातलं काम जाईल. बापाची शेवटची कमाई. ती माझ्या रडण्यापायी घालवू?

मक्याच्या पिठाचं पोतं शेजारणीच्या हाती पाठवलं. नाव सांगू नको म्हटलं.

२२ ऑक्टोबर

आज माती दिली. मी तळावर होते, तारा मोजत.

२५ ऑक्टोबर

शेजारीण सांगत होती, बाना कबासो सारख्या दाराकडे बघतात. विचारतात, म्वापे आजारी आहे का?

मी म्हटलं, हो म्हण.

२८ ऑक्टोबर, सोमवार

समिती बसली. कॅप्टननी टेबलावर दोनच निविदा ठेवल्या.

मी विचारलं, तिसरी?

"ती मागे घेतली."

"कबासोने?"

"नाही, म्हाताऱ्यानेच. सोळा तारखेला मुलाला खरेदी विभागात पाठवलं होतं. तेव्हाच संपला विषय."

सोळा. फोन सतरापासून.

"मला का नाही सांगितलंत, सर?"

"तू विचारलंस कुठे?" मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "म्वापे, तू मातीला गेली होतीस ना?"

मी गुण द्यायला बसले. एकही आकडा दिसत नव्हता.

२९ ऑक्टोबर

बाना कबासोंकडे गेले. उंबऱ्यावरच गुडघे टेकले. त्यांनी जवळ ओढून डोकं मांडीवर घेतलं. मग केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "डॉक्टरांनी आशा नाही सांगितलं, तसं आधी कबासोला तळावर पाठवलं. मी म्हटलं, अहो, पोराच्या तोंडचा घास का काढता? तर म्हणाले, असू दे. आता म्वापे फोन उचलेल."

काय सांगायचं होतं त्यांना, मी विचारलं.

"मीही विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणाले, ते तिलाच सांगेन."