पटलावरचा थर

सोमवार, ता. ४
निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी आज पुन्हा नोकरीवर रुजू झालो, आणि चित्त अत्यंत प्रसन्न आहे. निघताना आमच्या मंडळींनी टोमणा मारलाच, की गुडघ्याला बाशिंग बांधून निघालात! पत्नीची दृष्टी तीन वर्षांपूर्वी गेली. रोज सायंकाळी पाचला मी तिला स्तोत्रे व पुराणकथा वाचून दाखवतो. माझा आवाज हेच आता तिचे जग. पाचचे वाचन तेवढे चुकवू नका, बाकी कारखाना तुमचाच, असे तिने बजावले.

कारखान्यात दुधाच्या निवळीतून, म्हणजे दूध फाडल्यावर उरणाऱ्या पाण्यातून, प्रथिने वेगळी काढतात. पोलादी नळ्यांत सूक्ष्म छिद्रांची पटले बसवलेली आहेत. निवळी दाबाखाली त्यांवरून वाहते. पाणी व क्षार पाझरून जातात, प्रथिनांचे थोरले कण अलीकडे राहतात. पाझर किती झाला, हे दर अर्ध्या तासाने लिहिणे एवढेच माझे काम.

गुरुवार, ता. ७
यंत्रचालकाला सारे ‘फौजदार’ म्हणतात. वयाने लहान, पण दरारा मोठा. मला तो अण्णा म्हणतो. त्याने समजावले की अडलेली प्रथिने पटलावर चिकटून थर धरतात आणि पाझर मंदावतो. मग थांबायचे, कॉस्टिक सोड्याने धुवायचे, आणि शुद्ध पाणी सोडून पाहायचे. नव्या पटलातून तासाला शंभर लिटर येत असेल आणि धुतल्यावर नव्वद, तर दहाचा मळ आत मुरला. शास्त्रकारांनी अंतःकरणाचे मल आणि आवरण असे दोष सांगितले, त्यांचे प्रात्यक्षिकच हे!

एक नियम त्याने तीनदा सांगितला: पाझर घटला म्हणून दाब वाढवायचा नाही. दाबाने थर आवळतो, छिद्रांत शिरतो; मग सोडाही हात टेकतो. अति घाई संकटात नेई, ही रस्त्यावरची पाटी इथेही लावलीय समजा, असे म्हणून तो हसला.

बुधवार, ता. १३
माझ्या हातून प्रमाद घडला. सव्वाचारला पाझर निम्म्यावर आला. फौजदार बॉयलरकडे गेला होता. धुण्यात तास जाईल आणि वाचन चुकेल, या विचाराने मीच झडप फिरवून दाब वाढवला. पाझर क्षणभर उसळला, आणि पूर्वीपेक्षाही खाली बसला.

नळी उघडली. पटलावर सायीसारखा थर होता, मात्र कोमट. सवयीने नामस्मरण पुटपुटलो, तर माझ्या प्रत्येक शब्दासरशी तो थरथरला. उजव्या हाताने तो खरवडून काढला. वास गोडसर होता, घशापर्यंत गेला.

घरी वीस मिनिटे उशिरा पोहोचलो. ती दाराशी उभी होती.

गुरुवार, ता. १४
धुतल्यानंतर पाणी साठच लिटर.
सायंकाळी वाचताना एक दीर्घ समास कंठात अडला. अर्थ ठाऊक, अक्षरे समोर. शब्द मात्र अलीकडेच राहिला. तिला वाटले, मला ठसका लागला.

शनिवार, ता. १६
हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा ओळखला नाही. पाहिले, तर बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. वैद्यांनी घशात उजेड टाकला. तान्ह्या बाळासारखा स्वच्छ आहे, विश्रांती घ्या, म्हणाले. मीही थकलो आहे. फार थकलो आहे.

सोमवार, ता. १८
थोरले शब्द अडतात. धाकटे पाझरतात. लिहितानाही तेच — हात थांबतो.
आज ती म्हणाली, अहो, जरा जोर लावून वाचा ना! जोर लावला. एक ओळ सुटली. मग त्याहून लहान शब्दही अडले. माझ्या ध्यानात आले — हा पुन्हा दाबच —

मंगळवार, ता. १९
फौजदार म्हणाला, तुमच्या आधीच्या लेखनिकानेही झडप फिरवली होती. आता घरचे त्याला खुर्चीत बसवतात. डोळे तेवढे हलतात. मग त्याने विचारले, अण्णा, तुम्ही कधीपासून इतके कमी बोलता?
उत्तर होते. आले नाही.

गुरुवार, ता. २१
पाच वाजले. पोथी उघडी. ओठ हलले, आवाज नाही. ती तासभर ऐकत बसली. मग म्हणाली, आज आलाच नाहीत का हो?
मी समोर होतो.

शुक्र
नाव घेऊ — तिचे. फार मोठे. अडे.
हात पाहू — गार. रेषा नाही.
ती घरी मला शोधे. खोली खोली. भिंत धरी. अहो? अहो?

शनि
जवळ गेलो. हात दिला.
ती मागे झाली. कोण? हा हात त्यांचा नाही. कोण आहे?
काठी पुढे धरी. भिते — मला.
एक शब्द हवा. छोटा. मी.
घसा बंद.
दाब नको. दाब नको.
पण ती रडे. दार शोधे. पुढे जिना —
थांब —
दाब देतो —
म