चिनी गोष्टीची खरी प्रत

५ जानेवारी २०२५, रविवार. संध्याकाळी ७.
संकल्प केला. वर्षअखेरपर्यंत चिनी साहित्य मुळातून वाचणार. रत्नागिरीत नोटरी पुष्कळ आहेत, चिनी येणारा एकही नाही. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेल्या माणसाकडून गावाची ही अपेक्षा नसेल. गावाची अपेक्षा नेहमीच कमी असते.
आज वाचनालयाच्या माडीवरच्या चिनी वाचन गटात गेलो. दर रविवारी चार वाजता. गट म्हणजे तीन टाळकी. समीक्षा, वय सत्तावीस, मासळी निर्यात करणाऱ्या कंपनीत आहे, चीनच्या गिऱ्हाइकांशी तीच बोलते. ती शिकवते. मनस्वी, एफवायला, चिनी सिरियली बघून बिघडलेली. आणि मालगुंडचा रावजी, रिटायर खलाशी. शांघायला पन्नास वेळा गेलो म्हणतो. बोटीचा नांगरही पन्नास वेळा गेला असेल, म्हणून नांगराला चिनी येतं का?
रीत अशी: सोपी छोटी गोष्ट घ्यायची, प्रत्येकाने एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि अर्थ सांगायचा. गट तीन आठवडे आधी सुरू झालाय. समीक्षा म्हणाली की काका, आधी आकडे आणि शंभरेक अक्षरं करून घ्या. मी स्पष्ट सांगितलं की मी बालवाडीत बसायला आलेलो नाही. तिने मान हलवली. पटलं असावं.

६ जानेवारी. सकाळी ५.३०.
उठून अक्षरं गिरवायची होती. थंडी होती.

१२ जानेवारी, रविवार.
पहिली पाळी. परिच्छेद मोठ्याने वाचण्याचा प्रश्न आला तेव्हा मी घसा बसल्याचं सांगून थेट अर्थाकडे वळलो. मोबाईलचा कॅमेरा अक्षरांवर धरला की मराठी उमटतं. ते मी फक्त पडताळणीसाठी वापरतो. गोष्टीतला मुलगा आजीला छत्री देतो असं माझं मत पडलं. रावजी म्हणाला की न्हाय वो वकीलसाहेब, पोरानं छत्री इसरलान, म्हून आजी भिजली. मी म्हटलं, हा भावार्थ आहे. भावार्थ म्हणजे काय हे रावजीला समजावण्यात दहा मिनिटं गेली. त्याला कळला नाही. मनस्वी खिडकीकडे तोंड करून खोकत होती. आजकालच्या मुलांच्या प्रकृती!

१९ जानेवारी, रविवार.
महत्त्वाचा दिवस. २३ फेब्रुवारीला वाचनालयाचा वर्धापनदिन. आमच्या गटाने एक चिनी गोष्ट मराठीत आणून वाचायची. समीक्षाने चार पानांची गोष्ट आणली आणि म्हणाली की प्रत्येकी एक पान करू. मी विरोध केला. चार आचारी लागले की कढी खारट व्हायचीच. मी एकट्याने करतो म्हटलं. कुणी विरोध केला नाही. मनस्वीचं प्रोजेक्ट आहे, समीक्षाच्या कंपनीत सीझन आहे, आणि रावजीला चार ओळींचा अर्ज लिहायला माझ्याकडे यावं लागतं.
दोन अटी घातल्या. एक, अनुवाद पूर्ण होईपर्यंत कुणी बघायचा नाही. दोन, निमंत्रणपत्रिकेवर गटाचे मार्गदर्शक म्हणून माझं नाव. समीक्षा बरं म्हणाली. गट आता खऱ्या अर्थाने उभा राहील.

२१ जानेवारी, मंगळवार.
समीक्षाने दिलेले चार सुटे कागद घेऊन झेरॉक्सला गेलो. चिनी पुस्तक आपल्या शेवटाकडून सुरू होतं, हे मी कॉलेजात असताना एका मासिकात वाचलंय. गटात हे कुणालाच माहीत नसावं, कारण सगळे बिनधास्त आपल्यासारखं वाचतात. मी काही बोललो नाही. ज्ञान उगाच वाटत सुटू नये. झेरॉक्सवाल्या ओमकारला सांगितलं, शेवटचं पान वर ठेव आणि स्पायरल उजवीकडून मार. तो म्हणाला की साहेब, उलटं होईल. गाढवापुढे वाचली गीता. उभं राहून करून घेतलं.

२३ जानेवारी. दुपारी, कोर्टाची मधली सुट्टी.
पहिलं पान झालं. विलक्षण सुरुवात! झोउ नावाचा म्हातारा बाजारातून दोन मासे आणतो, शिजवतो, एक वाडगं शेजाऱ्याच्या बंद दारापाशी ठेवतो आणि काही न बोलता घरात जातो. का ठेवतो? लेखक सांगत नाही. आपल्याकडचे लेखक असते तर पहिल्या ओळीत सांगून मोकळे झाले असते.
पानाखाली मधोमध एक छोटी चौकट काढलीय, आत दोन पाय. शोभेची असावी.

२५ जानेवारी.
दुसरं पान. शेजारी लिन आजारी पडतो आणि मरतो. झोउ अंगणात उभा राहतो, आत जात नाही. म्हणजे आधी वाडगं, मग मरण. माशातून विषबाधा? माझ्यातला वकील जागा झाला. या पानाखाली तीन आडव्या रेघा आहेत.

२६ जानेवारी, रविवार.
झेंडावंदनामुळे गटात गेलो नाही. झेंडावंदनालाही गेलो नाही. अनुवाद.
तिसऱ्या पानावर धक्का. मेलेला लिन झोउशी कडाकडा भांडतोय! नळावरून. मग दोघं अकरा वर्षं बोलत नाहीत. चौथ्या पानावर तर दोघं जिवलग, एकत्र बाजारात जातात, झोउ मासे निवडतो आणि लिन भाव करतो. तिथेच गोष्ट संपते. गोष्टीचं नाव, ‘दोन मासे’, याच पानावर ठळक अक्षरांत. आधी काम, मग नाव. किती विनम्र लोक!
तिसऱ्या पानाखाली दोन रेघा, चौथ्याखाली एकच. गोष्ट संपत जाते तशा रेघा कमी होतात. ही नजर आपल्या छापखान्यांना कधी येणार?

२९ जानेवारी.
कोडं सुटलं. झोउने ठेवलेल्या माशाच्या वासाने लिन तिरडीवर उठून बसला. मुळात तसं शब्दांत नाही, पण दोन पानांच्या मध्ये आहे. मोठा लेखक महत्त्वाचं ते पानांच्या मध्येच ठेवतो. मी एक परिच्छेद माझ्याकडून घातला. उठल्यावर माणूस आधी जुनं भांडण उकरून काढणार, मग गोडी होणार. किती खरं आहे! हिच्या माहेरची माणसं अशीच आहेत.
हिला वाचून दाखवलं. म्हणाली की मेलेला उठला तर कुणालाच कसं नवल वाटलं नाही? तिला म्हटलं, चिनी माणूस संयमी असतो. ती कोळंबी सोलत राहिली.

९ फेब्रुवारी, रविवार.
गटात माशावरून वाद. कोणता मासा एवढंच मी विचारलं होतं, बाकी काही उघड केलं नाही. मी पापलेट लिहिलंय. रावजी म्हणतो की त्या मुलखात आत नदीचा मासा खातात, पापलेट कसला घालताय. मी विचारलं, रत्नागिरीच्या श्रोत्यांना नदीचा मासा सांगून मी तोंडघशी पडू? नदीच्या माशाने कुणी तिरडीवरून उठतं का? हे शेवटचं मी मनात म्हटलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसा हा रावजी. चीनचं एक बंदर पाहिलं की चीन कळला!
समीक्षाने पुन्हा अनुवाद बघायला मागितला. अटीची आठवण करून दिली. ती रावजीकडे बघून हसली. हसण्यासारखं काही नव्हतं त्यात, पण हसली.

१४ फेब्रुवारी.
पत्रिका आली. मार्गदर्शक: ॲड. मनोहर भाटकर, नोटरी. बाररूममध्ये सहा वाटल्या. कनिष्ठ वकिलांना चिनीचं महत्त्व सांगितलं. एकाने हात जोडून नी हाव म्हटलं. त्याचा अर्थ मी त्याला नंतर सांगीन.

१६ फेब्रुवारी, रविवार.
अनुवादाची स्वच्छ प्रत तयार. प्रत्येक पानावर माझा गोल शिक्का आणि ‘मुळाबरहुकूम खरी प्रत’. कायद्याने लागत नाही, पण लोकांना शिक्का दिसला की विश्वास बसतो.
गटात मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात रावजीने माझी स्पायरल उघडली. परत आलो तर हा पानाखालच्या रेघांवर बोट ठेवून बसलेला. म्हणाला की वकीलसाहेब, हे आकडे बघा जरा. मी वही त्याच्या हातून काढून घेतली. म्हटलं, नक्षी आहे ती, आकडे नाहीत. त्याने डोकं खाजवलं. आवो, खोक्यांवर हेच असायचं, म्हणाला. बोटीवरची खोकी आणि साहित्य यातला फरक ज्याला कळत नाही, त्याच्याशी काय बोलायचं?

२२ फेब्रुवारी, शनिवार.
रावजीचे तीन मिस्ड कॉल. मुलाच्या ॲफिडेव्हिटसाठी असणार. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी!
संध्याकाळी मी मांडवीला फिरायला गेलो असताना स्वतः घरी येऊन गेला. हिला सांगून गेला की साहेबांस्नी सांगा, पानं उलटी लागलीत, आज रात्रीत सारखी करून घ्या, उद्या फजिती होईल. ही घाबरून सांगायला आली. मी हसलो. चिनी पुस्तक उलटंच असतं, हे आता मी त्याला शिकवू? त्याची धडपड कळली. पत्रिकेवर त्याचं नाव नाही. पोटात दुखतंय.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ८.
अभूतपूर्व. माडी भरलेली. देवरूखहून पाच माणसं आलेली, म्हणजे पाहुणेच, पण आलेली. मी उभा राहून वाचलं. लिन तिरडीवर उठतो तिथे पहिल्या रांगेतले बाबू सावंत ओरडले की पापलेट ताजं असणार! हशा. टाळ्या. शेवटी दोघं मित्र बाजारात जातात तिथे दोन बायकांनी डोळे पुसले. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले की चिनी माणसाला कोकणाचं मन कळलं. मी नम्रपणे मान झुकवली.
मग अध्यक्षांनी समीक्षाला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती मूळ कागद हातात घेऊन उभी राहिली. चेहरा लाल. कागद पुढेमागे करत राहिली. माझ्या अनुवादाने भारावली असं वाटलं. तेवढ्यात रावजीने माईक घेतला. कुणी बोलावलं नव्हतं.
तो म्हणाला: मूळ गोष्टीत दोघं आधी दोस्त असतात, मग भांडतात, मग लिन मरतो. झोउ तरी रोज दोन मासे आणतो आणि एक त्याच्या दारात ठेवतो. एवढीच गोष्ट हाय. पण वकीलसाहेबांस्नी तो मेलेला बगवला न्हाय. म्हून त्यांनी पानं उलटी लावून त्याला परत आणलेनीत. मानूस वरनं कडक हाय, आतनं तसा न्हाय.
मग एवढ्या टाळ्या पडल्या की मला आधी मिळालेल्या त्यापुढे काहीच नाहीत. अध्यक्षांनी मला मिठी मारली. लोक येऊन हात धरत होते. सावंतांनी तर डोळे पुसले.
मी हळवा? तीस वर्षं नोटरी आहे मी.

२४ फेब्रुवारी. सकाळी ९.
कोर्टात गेलो नाही. स्पायरल घेऊन बसलो. मोबाईलवर चिनी आकडे काढले. एक म्हणजे एक रेघ. दोन म्हणजे दोन. तीन म्हणजे तीन. चार म्हणजे चौकट, आत दोन पाय.
आणि मासिकातलं ते जुन्या पुस्तकांबद्दल होतं. हल्ली तिकडेही आपल्यासारखंच छापतात. मासिकाने तसं लिहायला हवं होतं.

२५ फेब्रुवारी.
पूर्ण विचारान्ती जबाबदारी निश्चित केली. ओमकारची. उलटं होईल हे त्याला कळत होतं, तर व्यावसायिक म्हणून त्याने ठाम नकार द्यायला हवा होता. नोटिशीचा मसुदा केला. पाठवली नाही. कुठलं कलम लावायचं ते बघतोय.
रावजीने समक्ष नीट सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. निरोप ठेवून जाणं ही काही रीत नाही. ही म्हणाली की तो आधीच्या रविवारी समक्षच सांगत होता ना. ही हल्ली फार बोलते.

२७ फेब्रुवारी.
गोष्ट बरोबर क्रमाने वाचली. म्हणजे मोबाईलने वाचली. बरी आहे. माझी जास्त चांगली होती.
बाजारात तीन माणसांनी थांबवून विचारलं की वकीलसाहेब, तुम्ही एवढे मऊ असाल असं वाटलं नव्हतं. एकाने त्याच्या आजारी वडिलांना भेटायला बोलावलंय. म्हणे, तुमचं बोलणं ऐकून बरे होतील. या गावात माझी पत एका खलाशाने दिलेल्या दाखल्यावर उभी आहे. असह्य आहे हे. राजीनामा द्यायचा ठरवलं.

१ मार्च.
राजीनामा तयार. दोन प्रती, एक पोचसाठी. मजकूर कडक आहे. गटाचा दर्जा, शिस्तीचा अभाव, बिनबोलावता माईक घेण्याची प्रवृत्ती. माझ्यानंतर हा गट महिनाभर टिकला तर मिळवली.

२ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.
राजीनामा समक्ष दिलेला बरा, म्हणून गेलो. मला बघून सगळे गडबडतील असं वाटलं होतं. कुणी गडबडलं नाही. वर्धापनदिनाचा विषय कुणी काढला नाही. रावजीने खुर्ची पुढे केली आणि गुळाच्या खाज्याची पुडी सरकवली. मी एक घेतला. रागात माणसाने उपाशी राहू नये.
समीक्षाने नवी गोष्ट वाटली. तीन पानं. म्हणाली की आज सुरुवात काका करतील. मी खिशात हात घातला, राजीनामा काढायला. मग हातातल्या कागदांकडे बघितलं.
प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात निळ्या बॉलपेनने मराठीत आकडे घातले होते. १, २, ३. मोठे, भोवती गोल. पहिल्या पानावर एक बाण आणि ‘इथून’. मनस्वीची प्रत बघितली, तिच्यावर नव्हते. समीक्षाच्या प्रतीवर नव्हते. रावजीच्याही नव्हते, पण त्याच्या खिशाला निळं बॉलपेन होतं. तो छताच्या पंख्याकडे बघत होता.
बोलायला पुष्कळ होतं. अपमान, कलमं, माझी तीस वर्षं. पण सगळे कागद घेऊन थांबले होते आणि पाळी माझी होती. मी ‘१’ आकड्याचं पान वर घेतलं आणि पहिलं अक्षर कोणतं ते रावजीला विचारलं.