मागच्या खोलीचा पंखा

४ जून, सकाळ

लग्नाची बोलणी करायला आलेले सासरे कपबशी खाली ठेवता ठेवता म्हणाले होते, मुलगा हुशार आहे, फक्त त्याच्या हुशारीचा कुणाला उपयोग होईल असं दिसत नाही. मी दाराआड होतो. ते त्यांना माहीत होतं. आज ते असते तर फोन लावला असता. ॲडमिशन झालं. पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षितता. युनिव्हर्सिटीचा कोर्स, घरबसल्या, ऑनलाइन. आमच्या कारखान्यातले सेफ्टी ऑफिसर पुढच्या वर्षी रिटायर होतायत. जन्मभर स्टोअरमध्ये नटबोल्ट देत बसलेला माणूस त्या खुर्चीत बसलेला बघून काहींच्या पोटात दुखेल. दुखू दे.

निश्चय: रोज पहाटे उठून वाचन.

५ जून

उठलो नाही. बायको म्हणते अलार्म वाजला. वाजला असता तर मी उठलो असतो.

११ जून

पहिलं लेक्चर. संध्याकाळी सात. बाहेरच्या खोलीत टेबल, लॅपटॉप, इस्त्रीचा शर्ट. माइक चालू ठेवून आत्मविश्वासाने ओळख करून दिली. मॅडमनी विचारलं, तुम्ही गिरणीतून बोलताय का? सगळे हसले.

गिरणी म्हणजे मागच्या खोलीतला एक्झॉस्ट फॅन. बायको तिथे सोल्युशनने पर्सना अस्तर चिकटवते. पर्सवाला सकाळी माल न्यायला येतो, त्यामुळे तिचं काम संध्याकाळी, म्हणजे नेमकं माझ्या लेक्चरच्या वेळी. मध्ये फक्त प्लायवूडचं पार्टिशन. पंखा घरघरतो. शिकणाऱ्या माणसाला घरात काय किंमत असते ते आज कळलं.

१२ जून

बायकोला सांगितलं, सात ते नऊ पंखा बंद. म्हणाली, अहो, सोल्युशनचा वास कोंडतो. मी म्हटलं, मला तर येत नाही. म्हणाली, तुम्ही तिथे बसत नाही.

नोंद: बदलाला कामगारांचा विरोध असतोच. प्रकरण दोन.

२० जून

मध्येच पंखा लावते. आज रासायनिक धोक्यांवर लेक्चर होतं, त्यात तीनदा लावला. मॅडमचे महत्त्वाचे मुद्दे गेले.

२१ जून, रविवार

पंखा काढला. चार स्क्रू. रस्त्याचा गोंगाट यायला लागला म्हणून भोकात एक जुनी उशी कोंबली. तिचीच होती, माझी बरी आहे. काय शांतता. मुलगी कॉलेजच्या मैत्रिणीकडून आली, भोकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, बाबा, तू व्हेंटिलेशन शिकायला व्हेंटिलेशन बंद केलंस. मी म्हटलं, व्हेंटिलेशन तिसऱ्या सेमिस्टरला आहे.

निश्चय: मुलीच्या बोलण्याकडे कानाडोळा करणे.

९ जुलै

कारखान्यात सुरक्षा सप्ताह सुचवला. मॅनेजर म्हणाले, आधी स्टोअरमधले बेअरिंग मापाप्रमाणे लावा. तरी मी 'पाय बघून टाका' हे पोस्टर लावलंच. लावताना स्टुलावरून पडलो. कंबर. आता स्टोअरमधले सगळे मला 'धोका' म्हणतात. धोका आला, धोका जेवायला गेला. द्रष्ट्या माणसाची आधी टिंगलच होते.

२ ऑगस्ट

बायकोचा खोकला. नेमका लेक्चरमध्ये. माझा माइक बंद असतो, पण माझं लक्ष जातं ना. तिला शांतपणे समजावलं, मधल्या सुट्टीत खोकत जा. ती मागच्या खोलीत गेली. काही वेळाने उशीत तोंड खुपसून खोकल्यासारखा आवाज आला. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

३ ऑगस्ट

स्टोअरमधून तिला मास्क आणून दिला. धूळ अडवणारा, चांगल्या प्रतीचा. म्हणाली, यातून वास तसाच येतो. सवय लागेल म्हटलं. मास्कचं प्रकरण पुढच्या महिन्यात आहे. तेव्हा बघू.

१४ सप्टेंबर

मास्कचं प्रकरण झालं. धुळीच्या मास्कने रसायनांची वाफ अडत नाही, वेगळा फिल्टर लागतो. मनोरंजक. वहीत लाल पेनाने अधोरेखित केलं.

२६ सप्टेंबर

पर्सवाला दारात येऊन ओरडून गेला. अस्तराला कापसाचे तंतू चिकटलेले. वैनी, पर्स आहे की गादी, म्हणाला. बायको मान खाली घालून उभी. माझ्यापर्यंत आलं असतं तर मी त्याला सुनावलं असतं, पण त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. हल्ली तिचं कामात लक्ष नाही. स्टूल ओढल्याचा आवाजही सारखा येतो. ओढते, थांबते, परत ओढते. स्वस्थ बसून काम करायला काय होतं कुणास ठाऊक.

१८ नोव्हेंबर

मोठं असाइनमेंट आलं. कुठलीही एक कामाची जागा निवडून तिथल्या धोक्यांची पाहणी करायची, उपाय करायचा, फोटो जोडायचा. वर्गातले लोक खाणी, बंदरं, दवाखाने हिंडतायत. मी मागची खोली निवडली. जाणंयेणं वाचतं.

कामगार: एक, स्त्री. काम: चिकटवणे. कामगाराला होणारा त्रास: नाही. (कधी तक्रार केलेली नाही.)

धोका: बंदिस्त जागेत वाफा साचणे. उपाय: एक्झॉस्ट फॅन.

बायकोला वाचून दाखवलं. ऐकलं आणि नुसती बघत राहिली. कौतुक शब्दांत सांगायची तिला सवय नाही.

२२ नोव्हेंबर, दुपार

पंखा परत बसवला. फोटोपुरता, म्हणून वायर जोडली नाही, पर्सच्या ढिगाआड लपवली. उशी, तिच्यावर बायकोने खोचलेल्या फडक्यासकट, तशीच ठेवली, पंख्यामागे दिसत नाही. हवा बाहेर जाते हे दिसावं म्हणून जाळीला रिबन बांधली. ती लोंबायला लागली. टाचणीने आडवी केली. फोटो झकास आला. मुलगी म्हणाली, बाबा, आता हा पंखा सुरू पण कर ना. म्हटलं, परीक्षा होऊ दे.

पंखा काढला मात्र नाही. परत फोटो मागितले तर?

३० नोव्हेंबर

स्टूल ओढल्याचा आवाज बंद झालाय. शेवटी शिस्त लागली.

१२ डिसेंबर

असाइनमेंटला वर्गात सर्वांत जास्त मार्क. हातचं राखून लिहिलं होतं, तरी. पुढच्या लेक्चरला मॅडम माझा फोटो आदर्श म्हणून दाखवणार आहेत. शेजारच्यांना, मॅनेजरना, मेव्हण्याला कळवलं. मेव्हणा म्हणाला, ताई कशी आहे? विषय काय, माणूस विचारतो काय.

१५ डिसेंबर

माझा फोटो स्क्रीनवर. मॅडम म्हणाल्या, बघा, यांनी लांब न जाता स्वतःच्या घरातल्या माणसाचा विचार केला. त्याच वेळी मागच्या खोलीत काहीतरी धप्पकन पडलं. मी लगेच उठलो. म्हणजे मॅडमचं वाक्य संपल्यावर. त्यांनी आणखी एक वाक्य बोलायला घेतलं, ते मध्येच सोडणं बरं दिसलं नसतं.

दार मुलीने उघडलं. बायको पर्सच्या ढिगात पडली होती. डोळे अर्धे उघडे. गालाला सोल्युशन आणि सोल्युशनला अस्तर चिकटलेलं. मुलगी मला म्हणाली, बाजूला हो. एवढंच.

१६ डिसेंबर, दवाखाना

डॉक्टरांनी विचारलं, काम करतात तिथे हवा आहे का? मी संकल्पना समजावून सांगायला घेतली. म्हणाले, खिडकी आहे का? म्हटलं, एक्झॉस्ट आहे, आणि मोबाइलवर फोटो दाखवला. मुलीने मोबाइल माझ्या हातातून घेतला, फोटो मोठा केला आणि डॉक्टरांना रिबनची टाचणी दाखवली. डॉक्टर पुढे माझ्याशी बोललेच नाहीत, तिच्याशी बोलले. फुप्फुसं खराब झालीयत. खोकला राहील. जिने चढताना दम लागेल, तोही बहुधा कायमचाच. सोल्युशनजवळ परत फिरकायचं नाही.

बारकावे बघणं मुलीने माझ्याकडून घेतलंय.

२१ डिसेंबर

मेव्हणा बायकोला दवाखान्यातून परस्पर आपल्याकडे घेऊन गेला. मुलगीही गेली. मी गाडीत पिशव्या ठेवल्या. काच वर करता करता मेव्हणा म्हणाला, जावईबापू, उपयोग झाला बरं का तुमच्या हुशारीचा. आमच्या बाबांना उगाच काळजी. बायको मागच्या सीटवर होती. तिने काच उघडीच ठेवली होती, तिच्या बाजूची. थंडी होती तरी.

निश्चय: एकांताचा फायदा घेऊन दोन प्रकरणं पुरी करणे.

२ जानेवारी

एकही झालं नाही. घर शांत आहे, पण वाचायला बसलं की मागून काही ऐकू येतंय का म्हणून कान तिकडेच.

१९ जानेवारी

सेफ्टी ऑफिसरना दोन वर्षं मुदतवाढ मिळाली. मॅनेजर म्हणाले, धोका, आणि लगेच जीभ चावून म्हणाले, अहो, तुम्ही बेअरिंग लावलेत का ते?

४ फेब्रुवारी

तोंडी परीक्षा. सगळी उत्तरं पाठ होती. मॅडमनी एकच प्रश्न विचारला. कामगाराला होणारा त्रास, इथे तुम्ही 'नाही' लिहिलंय. त्यांनी हे कसं सांगितलं? त्यांच्या शब्दांत सांगा.

नेटवर्क गेल्यासारखा स्तब्ध बसलो, तोंड अर्धं उघडं ठेवून. मॅडम म्हणाल्या, तुमच्या मागचा पडदा हलतोय. मग म्हणाल्या, विचारलं नव्हतंत ना? विचारून या, मग मार्क देते. शनिवारपर्यंत.

फार कडक बाई आहेत. एवढ्या मोठ्या रिपोर्टमध्ये त्यांना तीच ओळ दिसावी.

५ फेब्रुवारी, दुपार

बायकोला फोन केला. मुलीने घेतला. म्हणाली, आई झोपलीय. मागे खोकला ऐकू येत होता.

ठरवलं, आधी पंखा नीट बसवून टाकू, म्हणजे जाऊन सांगायला काहीतरी होईल. मागच्या खोलीत गेलो. तिच्या बसक्या पाटावर बसून वायर सोलत होतो. सोल्युशनचा डबा कोपऱ्यात होता, झाकण नीट लागलेलं नव्हतं. थोड्याच वेळात डोकं जड झालं, जीभ गोडसर. उठलो तर भिंत धरावी लागली. मी बसून किती वेळ झाला होता? एक वायर सोलण्याएवढा.

स्टुलावर चढून पंखा काढला आणि उशीवरचं फडकं ओढलं. उशीला मधोमध भोक होतं. कात्रीने कापलेलं, कडेने कापूस चिमटीचिमटीने उपटलेला. आरपार. त्यातून रस्ता दिसत होता. तोंड लावता येईल एवढंच भोक. कडा मळलेल्या, ओल वाळून कडक झालेल्या. स्टुलाच्या फळीवर सोल्युशनमध्ये उमटलेली तिची पावलं, एकावर एक.

स्टूल ओढायची. चढायची. श्वास घ्यायची. उतरायची. परत ओढायची.

आणि मी फोटोसाठी त्यावर पंखा बसवला.

मग त्या भोकाला तोंड लावून बघितलं. हवा येते. थोडी येते.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ

पंखा बसवला. वायर जोडली. चालू आहे. घरघरतोय. सात वाजता लेक्चर होतं, लॅपटॉप उघडला नाही.

उद्या मेव्हण्याकडे जाणार. मेव्हणा दारातच उभा असेल, मुलगी आत जाईल. बायकोला म्हणणार, तुला त्या खोलीत काय होत होतं ते मला सांग. पहिल्या दिवसापासूनचं. मार्कांसाठी नाही म्हणणार, ते तिला खरं वाटणार नाही. मलाही पुरतं वाटत नाही. ती म्हणेल, आता कशाला. ती नाहीच सांगणार. तरी विचारणार आहे. सांग. मध्ये खोकला आला तर खोक, मी थांबेन.