केयाने ओ दिली नाही

वेस्ट विंडसर

चि. सुमनला ताईचे अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. चारदा फोन केला, तू उचललाच नाहीस, म्हणून लिहिते. गुडघ्याच्या ऑपरेशनचं काय ठरलं?

आपली केया झाडांचं शिकते ना, ती अभ्यासाला जाते ते रान बघून आले. वर सगळी कोरडी वाळू आणि पाइनची उंच झाडं. उताराच्या पायथ्याशी मात्र जमिनीतून सारखं पाणी पाझरतं. तिथे नेचे, शेवाळ आणि चक्क अळू! वड्या करू म्हणून पान तोडलं, तर असला घाण वास सुटला, विचारू नकोस. केया खो खो हसली, "आजी, दॅट्स नॉट अळू!"

मग मला कडेला बसवून ती त्या दलदलीत आत गेली. मी हाक मारायची, तिने ओ द्यायची, असं ठरलेलं. पहिल्या हाकेला दिली. मग कितीदा ओरडले, पण ओ नाही. मी उठून उभीच राहिले ग!

शेवटी आली, चिखलाने माखलेली, एक बूट हातात. पाय रुतला होता म्हणे. म्हटलं, "ओ का नाही दिलीस?"

"माझा आवाज घाबरलेला होता, आजी. तू आत आली असतीस."

एवढीशी पोर, पण माया बघ! तरी मी बजावलं, घाबरलीस तरी ओ द्यायची.

सुमे, तुलाही तेच सांगते. फोन उचल. घाबरली असलीस तरी उचल.

वाट बघणारी,
तुझी ताई