चौकातलं पाणी

स्पेन, १४ नोव्हेंबर १९९८

आईला दीक्षाचा जयभीम.

मी बरी आहे. थंडी खूप आहे, पण तू दिलेली शाल पुरते. जेवण अंगाला लागतंय, काळजी करू नकोस. जुन्या इमारती दुरुस्त करायचं हे शिक्षण पाच महिन्यांत संपेल.

तुझा गुडघा कसा आहे? धाकटा प्रसेनजीत दवाखान्यात नेतो का, का नुसताच हो म्हणतो?

परवा इथल्या चौकाचं पोस्टकार्ड घेतलं. आठशे वर्षांचा चौक, चारी बाजूंना दगडी कमानी. सवयीनं बाबांचंच नाव लिहिलं, आणि मग ते नाहीत हे आठवलं. कार्ड फाडवलं नाही, वहीत ठेवलंय.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आले नाही म्हणून वडगावात लोक काय बोलतात, ते मला कळवू नकोस.

या चौकाबद्दल मी आधी लिहिलं होतं, त्यावर बाबांनी शेवटच्या पत्रात विचारलं होतं, "एवढा मोठा चौक हाय, मग पावसाचं पाणी जातंय कुठं? गवंड्याची पोरगी हाईस, नीट बघ की." अभ्यासाच्या गडबडीत मी उत्तरच दिलं नाही. दीड महिना ते पत्र टेबलावर पडून राहिलं आणि मग प्रसेनजीतचा फोन आला.

काल इथं जोराचा पाऊस झाला. सगळे कमानींखाली पळाले, मी चौकातच उभी राहिले. फरशी चारी बाजूंनी आत उतरती आहे, डोळ्याला कळतसुद्धा नाही. पाणी मधल्या दगडी पन्हळीत येतं आणि तिथून जमिनीखालच्या हौदात जातं. कुठंही डबकं साठत नाही.

आई, एवढं बाबांच्या फोटोपुढं प्रसेनजीतला मोठ्यानं वाचायला सांग.

तुझी,
दीक्षा